नाणेघाट ते खंडाळा : ओझे उतरविणाऱ्यांचा इतिहास

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेसाठी कुटुंबांची माहिती गोळा करण्याचे काम बोरी बुद्रुक व आसपासच्या गावांपुरते प्रस्तुत लेखकाकडे असते. सेवानिवृत्त शिक्षकास वेळ असतो व गावात सर्वांची ओळख असते, एवढीच त्या कामी माझी पात्रता. यंदा एका घरी गेलो असता एक गोष्ट घडली, आणि तीच या लेखाचे निमित्त झाली. त्या घरातील मुलगा गेली सहा वर्षे जड ट्रक चालवितो. त्याचे वडीलही तेच काम करीत असत. परंतु माहितीपत्रकातील ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘खाजगी नोकरी’ असे लिहिलेले होते. मी सहज विचारले, तेव्हा त्याची आई खाली मान घालून म्हणाली, “गुरुजी, ड्रायव्हर लिहिलं की पोराचं जमत नाही. माणसं पत्रक वाचूनच पुढं जातात.”

त्या माउलीस मी काही उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन विचार करू लागलो, तेव्हा मनात आले की, ज्या कामाची तिला लाज वाटावी अशी वेळ आपण आणली आहे, त्या कामाचा इतिहास आपल्या जुन्नर तालुक्याइतका क्वचितच दुसऱ्या कोणत्या मुलुखास लाभला असेल. तो इतिहास थोडक्यात ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

बोरी बुद्रुकचे नाव विद्वानांच्या सभेत निघते ते एका निराळ्याच कारणाने. कुकडीच्या काठच्या गाळात येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे व त्याच्याच परिसरात अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या थराकडे जगाचे लक्ष वेधले. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी अनेक अभ्यासक या राखेचा संबंध जोडतात. तिच्या काळाविषयी मात्र पंडितांत बराच वाद झाला आहे. तो वाद त्यांच्यावर सोपवून आपण एवढेच ध्यानात घेऊ की, तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरून वाऱ्यावर स्वार होऊन आपल्या गावी फुकट आलेली वस्तू ही एक राखच. त्यानंतर जे जे समुद्राकडून आले, मग ते मीठ असो, खोबरे असो वा कापड असो, ते कोणाच्या तरी खांद्यावरून, पाठीवरून वा चाकावरून सह्याद्री चढून आले. आणि आपले धान्य, कांदा व भाजीपाला त्याच वाटेने सह्याद्री उतरून गेला.

या वाटांपैकी सर्वांत प्रख्यात वाट म्हणजे नाणेघाट. कल्याण व सोपारा या प्राचीन बंदरांतून निघालेला माल या घाटाने जुन्नरास येई व तेथून पुढे सातवाहनांच्या पैठणापर्यंत जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा म्हणून मानला जाणारा ब्राह्मी लिपीतील सुप्रसिद्ध लेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख असावा असे सामान्यतः मानतात. त्यात यज्ञांचा व दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणांचा हिशेब आहे, आणि आपल्या अंकलेखनाच्या इतिहासात त्यातील आकड्यांना फार मोठे स्थान आहे. घाटाच्या तोंडाशी दगडात घडविलेला भला मोठा रांजण आजही उभा आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून घेतलेली जकात या रांजणात पडत असे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

जुन्नरच्या लेण्यांतील लेख पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा उल्लेख तेथे आहे. बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांनी एकत्र येऊन स्थापिलेली संस्था. आपण आज ज्या प्रकारे संस्था काढून परस्परांस आधार देतो, त्याचेच ते प्राचीन रूप म्हणावयास हरकत नाही. राणीचे नाव दगडावर आहे, दात्या श्रेणीचे नाव दगडावर आहे, जकात घेणाराचा रांजण आहे. पण ज्याच्या बैलाच्या पाठीवरून ते धान्य घाट उतरले, त्याचा मागमूस कोठेही नाही. या लेखाचा विषय तोच मनुष्य आहे.

पुढील कित्येक शतके घाटांवरील वाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवर चाले. लमाणांचे तांडे शेकडो, प्रसंगी हजारो बैल घेऊन मीठ व धान्य वाहत. जेथे वाट रुंद झाली तेथे गाडी आली, आणि गाडीबरोबर एक नवी अडचण आली. बैल स्वतःच्या पायांनी उतार जोखून पाऊल टाकतो; चाकास तेवढे ज्ञान नसते. चढावर जादा बैलजोडी जुंपली म्हणजे भागते. उतारावर मात्र भरलेली गाडी बैलांच्याच अंगावर येऊ पाहते. म्हणून गाडीवान चाक साखळीने जखडीत, किंवा गाडीमागे जड ओंडका बांधून तो फरफटत नेत. चढण्यास बळ लागते व उतरण्यास विद्या लागते, हे घाटाचे पहिले सूत्र आपल्या पूर्वजांनी त्या काळीच ओळखले होते.

इंग्रजी अमदानीत बोरघाटाचे महत्त्व वाढले. मुंबई व पुणे यांना जोडणारा गाडीरस्ता या घाटातून १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्या रस्त्यावरील दगडी पूल, जो पुढे जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला, तो बांधविणाऱ्या कॅप्टन ह्यूजेसचे नाव इतिहासात राहिले. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. परंतु घाटातील शिंग्रोबाचे देऊळ मात्र आहे. शिंग्रोबा हा गुरे राखणारा एक धनगर. डोंगरातून वाट कशी काढावी हे साहेबास त्याने दाखविले. बक्षीस काय हवे असे विचारता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याबद्दल त्यास गोळी घालण्यात आली, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न निराळा. परंतु जुन्या रस्त्याने जाणारा ट्रकचालक त्या देवळाशी वेग कमी करतो, हात जोडतो व नाणे वाहतो. अधिकाऱ्याची आठवण दगडाने ठेवली, वाटाड्याची आठवण वाहकांनी ठेवली. दगड गेला, आठवण राहिली.

त्यानंतर रेल्वे आली. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पुरे झाले. २५ बोगदे, ३७ फुटांस १ फूट असा चढ, आणि पटकीसारख्या रोगांनी व अपघातांनी बळी गेलेले हजारो मजूर, असा त्याचा हिशेब आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे चालविले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, रेल्वेने उतरण्याचे भय पहिल्यापासून गंभीरपणे मानले. घाट उतरणाऱ्या गाडीस ठरलेल्या जागी थांबून ब्रेक ठीक असल्याची खात्री करावी लागते. आणि एखादी गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढावर नेऊन थांबविणारा आडमार्ग, ज्यास रेल्वेचे लोक कॅच सायडिंग म्हणतात, तो तयार ठेवलेला असतो. म्हणजे इंजिन-चालकाच्या पाठीशी गार्ड, सांधेवाला आणि नियमांचे पुस्तक, अशी सारी यंत्रणा उभी असते. ट्रकचालकाच्या पाठीशी बहुधा एक क्लीनर असतो. आणि अलीकडे पुष्कळ गाड्यांवर तोही नसतो.

आपल्या भागात मोटारट्रकचा खरा सुळसुळाट झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने वापरून काढलेल्या परदेशी लॉऱ्या बाजारात आल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज व फार्गो गाड्यांची जुळणी होऊ लागली. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी झालेल्या करारानुसार जमशेदपुरास टाटांचे ट्रक तयार होऊ लागले, व दक्षिणेत लेलँडच्या गाड्या निघू लागल्या. जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतून मुंबईस जाण्यास दोन मार्ग. एक आळेफाटा, ओतूर यांवरून माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणचा. दुसरा नारायणगाव, मंचर, खेड यांवरून पुढे बोरघाटाचा. दोन्हीकडे सह्याद्री ओलांडावाच लागतो. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर यांना तर वेळेचे बंधन. संध्याकाळी शेतातून भरलेला माल पहाटेच्या बाजारास पोहोचलाच पाहिजे. पूर्वी हा माल मुंबईतील भायखळा व मशीद बंदर भागात जाई; १९८० नंतरच्या काळात घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीस हलला. बाजार बदलला, पण घाट रात्रीच उतरावयाचा हे बदलले नाही. माळशेजात पावसाळ्यातील धुके, वरून येणारे पाणी व कोसळणाऱ्या दरडी यांची गाठ पडते ती नेमकी याच वेळी.

आता या उतरण्यात अशी कोणती विद्या आहे, हे घरबसल्या वाचकांसाठी सांगतो. सर्व भारासह १६ टन वजनाचा ट्रक लोणावळ्याहून खोपोलीस उतरतो, तेव्हा तो सुमारे ५५० मीटर खाली येतो. त्या उतरण्यात जी शक्ती मोकळी होते, ती सारी जर ब्रेकवर टाकली, तर तिच्या उष्णतेने अडीचशे लिटरांहून अधिक थंड पाण्यास उकळी फुटेल. ब्रेकची लोखंडी भांडी ती चार-आठ चाकांत कोठे साठवणार? ती तापतात, लायनर जळू लागतात, जळका वास येतो, आणि काही वेळाने पाय पूर्ण दाबला तरी पकड बसत नाही. म्हणून जाणता चालक ब्रेकवर घाट उतरतच नाही. तो घाटमाथ्यावरच गाडी खालच्या गियरात टाकतो आणि इंजिनाच्या ओढीवर तिला रोखून धरतो. ब्रेकचा उपयोग तो थोडा आणि थांबून थांबून करतो.

याच्या नेमके उलट करणारे लोक असतात. उतारावर गाडी न्यूट्रल केली, किंवा इंजिनच बंद केले, म्हणजे डिझेल वाचते अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. गाडी गियरात ठेवून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनास जाणारे डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राखण्यास ते जळतच राहते. इंजिन बंद केले, तर हवेच्या ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक दाबाबरोबर साठा कमी होतो, आणि स्टिअरिंगही जड होते. चार पैशांच्या खोट्या बचतीसाठी मनुष्य स्वतःचे व परक्याचे प्राण पणास लावतो. पुण्यातील नवले पुलाचा उतार हे याचे ताजे उदाहरण. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या त्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने एकामागून एक अनेक वाहनांस धडक दिली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथेच पुन्हा प्राणहानी झाली. जो उतार मोटारीतील मनुष्यास उतार म्हणून जाणवतही नाही, तोच भरल्या ट्रकास घाट असतो.

माझे चुलते याच धंद्यात होते. नारायणगावाहून मुंबईस त्यांनी वीसहून अधिक वर्षे माल वाहिला. ते फारसे शिकलेले नव्हते, पण घाटमाथ्यावर गाडी थांबविल्याशिवाय व चाकांवरून हात फिरवून ती किती तापली आहेत हे पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. टायरवर लोखंडी दांडा मारून नुसत्या आवाजावरून ते हवा ओळखीत. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेलो असता ते मला म्हणाले होते, “बाळ, ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतरावं. घाट चढताना गाडीचा कस लागतो, उतरताना माणसाचा.”

एका पावसाळ्यात खंडाळ्याच्या उतारावर त्यांच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले. पुढे प्रवाशांनी भरलेली एस. टी. होती. डाव्या हातास डोंगर, उजव्या हातास समोरून येणारी वाहने व त्यांच्यापलीकडे दरी. त्यांनी गाडी डोंगराच्या अंगास घातली, कातळास घासत नेली व थांबविली. एस. टी.तील लोकांस आपल्या मागे काय घडले याची कल्पनाही आली नसेल. चुलत्यांच्या खांद्यास जबर मार बसला. गाडीच्या मालकाने मोडलेल्या पत्र्याचा खर्च पुढील तीन महिने त्यांच्या पगारातून कापून घेतला. घरी त्यांनी यातले काहीच सांगितले नाही. क्लीनरच्या तोंडून आम्हांस ते वर्षभराने कळले. त्यांच्या निधनानंतर गावात शोकसभा झाली नाही, आणि स्मरणिकेतील श्रद्धांजलीच्या पानावर त्यांच्या नावापुढे व्यवसाय लिहिला गेला नाही. तो मजकूर मीच लिहून दिला होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

या लोकांच्या विश्रांतीचा विचार कायद्याने केला नाही असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसास आठ तास व आठवड्यास ४८ तास कामाची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. परंतु तो कायदा पाच अथवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांस लागू होता. ज्या मालकाच्या एक-दोन गाड्या, त्याच्याकडील चालक त्या छायेबाहेरच राहिला. आणि आपल्या भागात बहुसंख्य मालक याच वर्गातील होते. पुढे नव्या श्रमसंहितेने त्या कायद्याची जागा घेतली. कायदा जुना असो वा नवा, रात्री दोन वाजता माळशेजच्या वळणावर डोळा मिटू लागलेल्या मनुष्यास बाजाराची वेळ आठवते, कलम आठवत नाही. गाडी उशिरा पोहोचली म्हणून भाडे कापणारे आपणच असतो, हेही शेतकरी व व्यापारी बंधूंनी विसरू नये.

रस्ते सुधारले आहेत, यात शंका नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. नाणेघाटाच्या रांजणाची जागा प्रथम जकात नाक्याने घेतली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मुंबईची जकातही गेली. आणि आता टोल नाक्यावर काचेवरील फास्टॅगमधून पैसे आपोआप वळते होतात. नव्याने तयार होणाऱ्या जड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलनही आवश्यक ठरले आहे. परंतु सह्याद्रीची उंची तीच आहे आणि ओझ्याचा ओढाही तोच आहे. चालकाच्या अंगी जी विद्या सातवाहनकाळी लागे, तिचे रूप बदलले. गरज बदलली नाही. ही विद्या पुस्तकात फारशी सापडत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ज्या दिवशी कुशल चालकाच्या मुलास बापाच्या धंद्याची लाज वाटू लागेल, त्या दिवशी ही परंपरा तुटेल, आणि घाटात गाडी न्यूट्रल करणारे तेवढे उरतील.

म्हणून आपल्या कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे तीन सूचना ठेवतो. पहिली, वार्षिक गुणगौरव समारंभात पदवीधरांबरोबर, दीर्घकाळ अपघाताविना जड वाहन चालविलेल्या एका तरी ज्ञातिबांधवाचा सत्कार व्हावा. दुसरी, संस्थेच्या आरोग्य शिबिरात चालकांच्या दृष्टीची व रक्तदाबाची तपासणी आवर्जून व्हावी, आणि ती त्यांच्या सुट्टीच्या दिवशी व्हावी. तिसरी, निवृत्त चालकांनी वर्षातून एक दिवस नवशिक्या तरुणांस घाट उतरण्याचे पाठ द्यावेत. यांपैकी कोणत्याही कामास फार पैसा लागणार नाही. लागेल ती केवळ दृष्टी.

वधुपित्यांसही एक विनंती आहे. स्थळ पाहताना मुलाचे व्यसन विचारा, स्वभाव विचारा, घाटमाथ्यावर तो गाडी थांबवितो की नाही हेही विचारा. परंतु रकान्यातील एक शब्द वाचून पान उलटू नका. आपल्या घरी आलेले मीठ ज्याच्या पूर्वजांनी वर आणले व आपला कांदा जो खाली नेतो, त्याच्या घरी मुलगी देण्यात कमीपणा कसला?

त्या माउलीचे माहितीपत्रक अद्याप माझ्या टेबलावर आहे. तिच्या संमतीने ‘खाजगी नोकरी’ हे शब्द मी खोडले आहेत, आणि दुसरे काही अद्याप लिहिलेले नाही. मुलगा गाडी घेऊन मुंबईस गेला आहे. तो सुखरूप परत आला की त्याच्याच हाताने तो रकाना भरून घ्यावा असा मानस आहे. तो काय लिहील, हे पुष्कळसे आपणां सर्वांवर अवलंबून आहे, एवढेच विनवून हा लेख पुरा करतो.